स्कूबा रेग्युलेटर धुताना आणि ठेवताना होणाऱ्या चुका

समुद्रातून बाहेर आल्यावर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडात देणारे उपकरण, गोड्या पाण्याने धुवायचा असतो, हे प्रत्येक डायव्हरला सुरुवातीच्या प्रशिक्षणातच शिकवले जाते आणि बहुतेक जण ते मनापासून पाळतात. तरीही नियमित धुतलेले रेग्युलेटर आतून गंजलेले निघतात, कारण रेग्युलेटर न धुतल्याने जसा खराब होतो तसाच चुकीच्या रीतीने धुतल्यानेही होतो. दुसऱ्या प्रकारचे नुकसान अधिक त्रासदायक असते, कारण बाहेरून सगळे चकचकीत दिसत असल्याने ते लवकर लक्षात येत नाही.

रेग्युलेटरची रचना डोळ्यांसमोर असली की धुण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरला जोडला जाणारा भाग, हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बारने जास्त, अशा मधल्या पातळीवर आणते. ही हवा होजमधून (नळीतून) तोंडाजवळच्या सेकंड स्टेजपर्यंत जाते आणि आपण श्वास ओढला की सेकंड स्टेज ती भोवतालच्या दाबाला आणून तोंडात देते. हे काम करण्यासाठी दोन्ही स्टेजना बाहेरच्या पाण्याचा दाब जाणवावा लागतो, म्हणून त्यांच्या काही भागांत पाणी मुद्दाम येऊ दिलेले असते. पिस्टन प्रकारच्या फर्स्ट स्टेजमध्ये स्प्रिंगभोवतीची पोकळी, डायफ्राम प्रकारात डायफ्रामची (लवचीक पडद्याची) बाहेरची बाजू आणि सेकंड स्टेजमध्ये पुढच्या झाकणाखालची जागा, ही झाली ओली बाजू. फर्स्ट स्टेजचे तोंड, त्यातला फिल्टर, उच्च दाबाची सीट (व्हॉल्व्ह बंद करणारा मऊ भाग), होजचा आतला भाग आणि सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह ही कोरडी बाजू असून तेथे सिलिंडरमधल्या कोरड्या हवेखेरीज काहीही जाता कामा नये. डाइव्हनंतर आपल्याला दोनच गोष्टी साधायच्या असतात: ओल्या बाजूतले मीठ वाळण्यापूर्वी काढायचे आणि ते काढताना कोरड्या बाजूत पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही.

दाब नसताना पर्ज बटण दाबणे

या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची झाल्यास ही ठेवावी, असे मी म्हणेन. सेकंड स्टेज पाण्यात बुडवली की हात आपोआप पर्ज बटणाकडे, म्हणजे हवा मोकळी सोडणाऱ्या पुढच्या बटणाकडे, जातो, कारण आतले मीठ आणि वाळू त्यामुळे निघून जाईल असे वाटते. रेग्युलेटर सिलिंडरला जोडलेला आणि हवा चालू असेल तर हा विचार बरोबर आहे. बटण दाबताच हवा जोराने बाहेर येते आणि पाण्याला आत शिरायला वाव मिळत नाही. परंतु रेग्युलेटर सुटा असेल, तर होजमध्ये पाण्याला अडवणारा दाबच नसतो. बटण दाबल्यावर आतली दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि सेकंड स्टेजमध्ये साचलेले पाणी थेट होजमध्ये शिरते. सेकंड स्टेज वरच्या पातळीवर आणि फर्स्ट स्टेज खाली असेल, तर ते उतारानेच फर्स्ट स्टेजपर्यंत पोहोचते. तेथेही ते थांबत नाही, कारण दाब नसताना फर्स्ट स्टेजचा व्हॉल्व्ह स्प्रिंगमुळे उघडाच राहतो. त्यामुळे पाणी उच्च दाबाच्या बाजूला, फिल्टरपर्यंत आणि सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजच्या होजच्या तोंडापर्यंत जाऊ शकते.

१९४३ मध्ये जाक-ईव कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी तयार केलेल्या रेग्युलेटरमध्ये दाब उतरवणारी सगळी यंत्रणा पाठीवरच्या सिलिंडरजवळ होती आणि तोंडापर्यंत दोन जाड, पन्हळी नळ्या येत असत. पुढे १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड यांनी एका होजचा ‘पॉरपॉइज’ हा रेग्युलेटर विक्रीस आणला, त्यात सेकंड स्टेज तोंडाजवळ आली आणि दोन्ही स्टेज मधल्या दाबाच्या बारीक होजने जोडल्या गेल्या. आज आपण वापरतो ती मांडणी हीच आहे. तिची सोय मोठी आहे, पण पाण्याला सेकंड स्टेजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत जाण्याची वाटही हीच होज आहे, हे रेग्युलेटर धुताना विसरून चालत नाही.

बटण हाताने दाबले नाही म्हणजे धोका टळला असेही नाही. बोटीवरच्या सामायिक टबमध्ये आपल्या सेकंड स्टेजवर दुसऱ्या कोणाचा जड कॅमेरा किंवा दुसरा रेग्युलेटर टेकला तरी बटण दाबले जाते. नळाची जोरदार धार समोरच्या झाकणावर किंवा माउथपीसच्या आत सोडली तर डायफ्राम दबून व्हॉल्व्ह उघडू शकतो. म्हणून पाणी नेहमी मंद धारेने सोडावे, सेकंड स्टेज फर्स्ट स्टेजच्या खालच्या पातळीवर राहील असे पाहावे आणि श्वासाचा प्रतिकार कमी-जास्त करणारा नॉब असेल तर धुण्यापुरता तो पूर्ण आत फिरवावा, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक घट्ट बसून राहतो. सामायिक टबमध्ये रेग्युलेटर टाकून निघून जाण्यापेक्षा तो हातात धरून धुणे केव्हाही चांगले.

सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे सिलिंडरमध्ये थोडी हवा शिल्लक ठेवून रेग्युलेटर जोडलेलाच असताना, हवा चालू ठेवून धुणे. या स्थितीत सगळ्या होजमध्ये दाब असतो, पर्ज बटण बिनधास्त दाबता येते आणि ऑक्टोपस (राखीव सेकंड स्टेज) व इनफ्लेटरही (डायव्हिंग जॅकेटमध्ये हवा भरणारा भाग) तसेच धुता येतात. नंतर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, पर्ज दाबून उरलेली हवा सोडावी, जोडाभोवतीचे पाणी टिपून घ्यावे आणि मगच फर्स्ट स्टेज काढावी. जोडाच्या खाचेत पाणी साचलेले असते आणि काढताना तेच फर्स्ट स्टेजच्या तोंडात ओघळते, त्यामुळे टिपण्याचा टप्पा वगळू नये.

चूक होऊन गेली असेल तर काय करावे, हे आत शिरलेल्या पाण्यावर अवलंबून आहे. स्वच्छ गोडे पाणी थोडेसे गेल्याची शंका असेल तर रेग्युलेटर सिलिंडरला जोडावा, सेकंड स्टेज सर्वांत खाली धरावी आणि पर्ज दाबून काही वेळ हवा वाहू द्यावी. हेच ऑक्टोपसच्या आणि इनफ्लेटरच्या होजसाठीही करावे. सिलिंडरमधली हवा अतिशय कोरडी असल्याने उरलेला ओलावा ती बराचसा ओढून घेते. गेजची होज मात्र बंद टोकाची असते. तिच्यातून हवा वाहत नाही, म्हणून तेथे गेलेले पाणी अशा उपायाने निघत नाही. खारे किंवा टबातले मळकट पाणी आत गेले असेल, तर घरच्या उपायावर समाधान मानू नये. हवेच्या दाबाने मीठ निघत नाही, पाणी उडून जाते आणि मीठ सीटवर व ओ-रिंगवर (सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यांवर) तसेच बसते. असा रेग्युलेटर पुढच्या डाइव्हची वाट न पाहता टेक्निशियनकडे द्यावा आणि नेमके काय घडले ते त्याला स्पष्ट सांगावे. संकोचाने ही गोष्ट लपवणारे डायव्हर मी पाहिले आहेत आणि त्या संकोचाचे मला फार वाईट वाटते, कारण काय झाले ते कळले तर टेक्निशियन नेमकी तीच जागा उघडून पाहू शकतो.

ओली डस्ट कॅप आणि हवेचा झोत

सिलिंडरपासून फर्स्ट स्टेज सोडवल्यावर तिचे तोंड डस्ट कॅपने झाकायचे असते, पण त्या क्षणी कॅप बहुधा ओली असते, कारण डाइव्हभर ती होजजवळ लटकत पाण्यात होती. तशीच ती बसवली तर तिच्या आतले खारे थेंब थेट फिल्टरवर जातात. ती सुकवण्यासाठी अनेक जण सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून तिच्यावर हवेचा झोत सोडतात. या सवयीने थेंब उडतात खरे, पण फर्स्ट स्टेजचे उघडे तोंड अगदी शेजारी असल्याने त्यातले काही तिच्यातच शिरतात. शिवाय त्या आवाजाने आजूबाजूच्या माणसांच्या कानांना इजा होऊ शकते. कोरड्या कापडाने कॅप आतून पुसणे आणि फर्स्ट स्टेजच्या तोंडाभोवतीचा ओलावा टिपणे, एवढे पुरेसे आहे.

कॅप लावली म्हणजे फर्स्ट स्टेज बुडवायला मोकळीक मिळाली, असेही गृहीत धरू नये. योक प्रकारची (सिलिंडरच्या व्हॉल्व्हला शिकंजासारखा आवळणाऱ्या जोडाची) कॅप स्क्रूने आवळावी लागते. तिचे रबर कडक झाले किंवा तिला चीर पडली की ती पाणी अडवत नाही. डिन प्रकारच्या (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणाऱ्या जोडाच्या) अनेक कॅप तर केवळ धूळ आणि धक्का अडवण्यासाठी असतात. ओ-रिंग असलेली, पाणी रोखणारी कॅप वेगळी घ्यावी लागते. काही उत्पादकांच्या फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडरपासून सुटताच तोंड आपोआप बंद करणारी यंत्रणा असते आणि ती निश्चितच उपयोगी आहे, पण तिच्यावरही कोरडी कॅप लावायचीच असते. कॅपबद्दल शंका असेल तर फर्स्ट स्टेज बुडवू नये. ती हातात धरून, तोंड एका बाजूला ठेवून, तिच्यावर हळूहळू गोडे पाणी ओतावे आणि होज व सेकंड स्टेज तेवढ्या भिजत ठेवाव्यात.

या चुकीची खूण शोधायला फर्स्ट स्टेज उघडावी लागत नाही. तोंडातून डोकावले की फिल्टर दिसतो. तो हिरवट दिसला तर आत पाणी जाऊन गंज धरला आहे असे समजावे. तपकिरी किंवा लालसर थर बहुतेकदा स्टीलच्या सिलिंडरमधल्या गंजाचा असतो, पांढरट भुकटी ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधून येऊ शकते आणि काळसर थर दिसला तर सिलिंडर भरणाऱ्या कंप्रेसरच्या फिल्टरकडे बोट जाते. फिल्टर बदलून घेणे आवश्यक आहेच, पण फिल्टरच्या पलीकडे काय गेले आहे हे पाहिल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. शेवटच्या तीन रंगांत सिलिंडरचीही तपासणी करावी, नाहीतर नवा फिल्टरही तसाच रंगेल.

मीठ वाळू देणे आणि घाईत बुडवून काढणे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळले की त्यांचे खडे होतात आणि ते स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, नॉबच्या फटीत, फिरत्या जोडांच्या ओ-रिंगजवळ अडकतात. खडे कठीण असल्याने हलणारा भाग फिरला की ते ओ-रिंगला ओरखडतात. त्यांतले काही क्षार हवेतला ओलावा शोषून घेतात, म्हणून वाळल्यासारखा दिसणारा भाग प्रत्यक्षात दमटच राहतो आणि क्रोमच्या मुलाम्याला कुठे चरा गेला असेल तर तेथून खालचे पितळ गंजू लागते. एकदा पक्का वाळलेला थर पाण्यात क्षणभर बुडवून निघत नाही.

म्हणून रेग्युलेटर शक्य तितक्या लवकर भिजवावा. बोटीवर गोडे पाणी नसेल तर तो उन्हात उघडा न ठेवता ओल्या टॉवेलात गुंडाळून न्यावा. खाऱ्या पाण्याने ओला असला तरी चालेल, वाळलेला नको. नंतर कोमट पाण्यात तो किमान अर्धा तास भिजू द्यावा आणि मीठ वाळलेले असेल तर त्याहून जास्त. पाणी ५० अंश सेल्सिअसच्या खालीच असावे, हाताला सहज सोसेल इतके. भिजत असताना नॉब थोडा मागे-पुढे फिरवावा, व्हेंचुरीचा खटका (सेकंड स्टेजमधून हवा आपोआप वाहू लागणे आवरणारा) हलवावा, गेजचा जोड सावकाश फिरवावा आणि पिस्टन प्रकारच्या फर्स्ट स्टेजच्या छिद्रांतून पाणी आरपार वाहू द्यावे. डायफ्राम प्रकारात काही रेग्युलेटरांची बाहेरची पोकळी सीलबंद असते, तेथे हे काम सोपे होते. होजच्या टोकांवरची रबरी संरक्षक आवरणे मागे सरकवून त्यांच्याखालची जागा धुवावी. मीठ दडून बसते ते नेमके तेथेच, आणि होजच्या धातूच्या टोकाला लागलेला गंज कित्येक महिने कोणाच्या नजरेला पडत नाही.

बोटीवरच्या टबात दिवसभर अनेकांचे साहित्य बुडत असते आणि संध्याकाळपर्यंत ते पाणीही खारट झालेले असते. तेथे धुणे चांगलेच, पण घरी वाहत्या पाण्याने पुन्हा धुतल्याशिवाय काम संपले असे मानू नये. जलतरण तलावातल्या सरावानंतरही धुणे टाळू नये, कारण क्लोरीन रबराला आणि सिलिकोनला कडक करते. तलाव किंवा खाणीतल्या गोड्या पाण्यातून आल्यावर मीठ नसते, पण बारीक गाळ सेकंड स्टेजच्या बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हखाली बसतो आणि पुढच्या डाइव्हला श्वासाबरोबर पाणी येऊ लागते.

वाळवताना आणि ठेवताना

रेग्युलेटर सावलीत, हवेशीर जागी वाळवावा. कडक ऊन, उभ्या गाडीतली उष्णता आणि केस वाळवण्याचे यंत्र ही तिन्ही रबराचे आणि होजचे आयुष्य कमी करतात. मोठ्या विद्युत मोटारींजवळ ओझोन तयार होतो आणि त्याने रबराला चिरा पडतात, म्हणून पाण्याचा पंप किंवा कंप्रेसर असलेल्या खोलीत तो ठेवू नये. होज धातूच्या टोकापाशी कोनात वळेल अशा रीतीने टांगू नये किंवा पिशवीत कोंबू नये. मोठी सैल वेटोळी करून ठेवली तर ती जास्त टिकते. विणलेल्या लवचीक होज वळायला सोप्या असतात, पण त्यांच्या आतल्या प्लास्टिकच्या थराची झीज उष्णता आणि दमटपणामुळे बाहेरून न दिसता होऊ शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत उत्पादकाने सांगितलेली बदलण्याची मुदत काटेकोरपणे पाळावी.

धुताना आत फिरवलेला नॉब साठवणीच्या वेळी पुन्हा बाहेर फिरवायला बरेच जण विसरतात. नॉब आत राहिला तर व्हॉल्व्हच्या मऊ सीटवर कडेचा दाब महिनोन्‌महिने पडून तिच्यात खोल खूण उमटते आणि सेकंड स्टेजमधून बारीक हवा गळू लागते. खटक्याची आणि नॉबची साठवणीतली नेमकी स्थिती प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेली असते. माउथपीस उघडा ठेवून पिशवी कोपऱ्यात टाकली तर किडे आत जाऊ शकतात, म्हणून पूर्ण वाळल्यावर ती बंद करावी.

जास्त काळजीपोटी केलेल्या चुका

सिलिकोनचा स्प्रे मारल्याने रबर मऊ राहते असा समज आहे. स्प्रेमधली वाहक द्रव्ये काही प्लास्टिक आणि रबरांना अपाय करतात आणि चिकट थरावर धूळ बसते, त्यामुळे तो रेग्युलेटरवर वापरू नये. ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन असलेल्या मिश्रणासाठी साहित्य ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेले असावे लागते आणि त्यात खास ऑक्सिजनला चालणारे ग्रीसच वापरतात. साधे सिलिकोन ग्रीस तेथे आगीचा धोका निर्माण करते. ही गोष्ट केवळ निगेची नाही, जिवाची आहे.

मिठाचा थर काढण्यासाठी अख्खा रेग्युलेटर व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा सल्लाही ऐकू येतो. सौम्य आम्लाचा उपयोग टेक्निशियन सुट्या केलेल्या धातूच्या भागांवर, मोजक्या वेळापुरता करतात. जोडलेल्या रेग्युलेटरमध्ये ते आम्ल कुठे साचून राहील हे सांगता येत नाही आणि क्रोमच्या मुलाम्याला ते हानिकारक ठरते. जंतुनाशकाचेही तसेच आहे. दुसऱ्याने वापरलेल्या रेग्युलेटरचे माउथपीस निर्जंतुक करणे योग्यच आहे, कारण ओल्या माउथपीसमध्ये आणि सेकंड स्टेजच्या आत बुरशी व जिवाणू वाढू शकतात. मात्र ब्लीचचे तीव्र द्रावण धातू गंजवते आणि रबर कडक करते, म्हणून द्रावणाचे प्रमाण आणि बुडवून ठेवण्याचा वेळ पाळून नंतर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. कोणतेही द्रावण वापरताना दाबाविना पर्ज न दाबण्याचा नियम लागू राहतोच.

लक्षणे ओळखणे

पाण्यात उतरण्यापूर्वी एक सोपी चाचणी घरीच करता येते. रेग्युलेटर सिलिंडरला न जोडता, तोंडावर कॅप घट्ट लावून सेकंड स्टेजमधून हळूच श्वास ओढावा. हवा अजिबात येऊ नये आणि निर्माण झालेली ओढ टिकून राहावी. थोडी हवा आली तर माउथपीसला भोक पडले आहे का, विशेषतः त्याला आवळणाऱ्या पट्टीखाली, हे आधी पाहावे. त्यानंतर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची पाकळी दुमडली आहे का, तिच्याखाली वाळूचा कण किंवा केस आहे का, हे तपासावे. पाण्याखाली श्वासाबरोबर तोंडात पाणी येण्याची कारणेही हीच असतात आणि त्यांतली बहुतेक धुण्याने किंवा माउथपीस बदलण्याने दूर होतात.

हवा चालू करताच सेकंड स्टेज धो-धो वाहू लागली, तर माउथपीस खाली करून त्याच्या तोंडावर बोट ठेवावे आणि खटका डाइव्हपूर्वीच्या स्थितीत आहे का ते पाहावे. त्याने प्रवाह थांबला तर बिघाड नाही. पण हवा चालू केल्यावर काही मिनिटे शांतता आणि मग हळूहळू वाढणारी फुसफुस, हे लक्षण वेगळे आहे. अशा वेळी फर्स्ट स्टेजची उच्च दाबाची सीट नीट बंद होत नसते, मधला दाब थोडा थोडा चढत जातो आणि शेवटी सेकंड स्टेज तो सोडून देते. मधल्या दाबाचे गेज इनफ्लेटरच्या होजला लावल्यास काटा स्थिर राहण्याऐवजी वर सरकताना दिसतो. सीटवर मिठाचा किंवा गंजाचा कण बसणे हे याचे नेहमीचे कारण आहे. अशा रेग्युलेटरने डाइव्ह करू नये.

श्वास जड वाटला तर प्रथम सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आहे का आणि नॉब आत राहिला आहे का, हे पाहावे. दोन्ही ठीक असतील तर श्वास घेताना गेजच्या काट्याकडे लक्ष द्यावे. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकत असेल तर हवा फिल्टरपाशी किंवा सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये अडते आहे. पहिल्यांदा पर्ज दाबताना बटण चिकटल्यासारखे वाटले, तर आत मीठ वाळले आहे असे समजून पुन्हा भिजवावे. फर्स्ट स्टेजच्या बाहेरच्या छिद्रांतून बुडबुडे येत असतील तर आतली ओ-रिंग किंवा डायफ्राम खराब झालेला असतो. होजच्या जोडातून येत असतील तर बहुधा तेथली ओ-रिंग. दुसरे दुरुस्त करणे सोपे आहे, पहिल्यासाठी रेग्युलेटर उघडावा लागतो आणि ते काम टेक्निशियनचे आहे.

सर्व्हिसिंगची मुदत मॉडेलनुसार वर्षाची किंवा दोन वर्षांची असते आणि सोबत डाइव्हच्या संख्येची मर्यादा, अनेकदा १००, दिलेली असते. यांपैकी जे आधी येईल ते धरायचे. कपाटात पडून राहिलेल्या रेग्युलेटरलाही ही मुदत लागू होते, कारण सीट आणि ओ-रिंग वापराविनाही जुन्या होतात. सर्व्हिसिंगहून परत आलेला रेग्युलेटर वरच्याच चाचण्या करून तपासावा आणि त्याची पहिली डाइव्ह उथळ पाण्यात करावी.